कोबायाशी मारूच्या परीक्षेत गुण कशाला द्यावेत?

विज्ञानकथेच्या जगात एक परीक्षा अशी आहे की तिची प्रश्नपत्रिका सगळ्यांना पाठ आहे, आणि तरीही तिचे उत्तर काय यावर चाळीस वर्षांहून अधिक काळ एकमत झालेले नाही. जून १९८२ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘स्टार ट्रेक २ : द रॅथ ऑफ खान’ या चित्रपटाच्या पहिल्याच प्रसंगात ती दिसते. लेफ्टनंट साविक ही तरुण अधिकारी एंटरप्राइझ या यानाच्या कप्तानाच्या खुर्चीत बसलेली असताना ‘कोबायाशी मारू’ या इंधनवाहू यानाची मदतीची हाक येते. ते अवकाशातल्या सुरुंगावर आदळले आहे, त्याची सगळी वीज गेली आहे, बाहेरचे आवरण फाटले आहे आणि बरीच माणसे दगावली आहेत. यानावर ८१ कर्मचारी आणि ३०० प्रवासी आहेत, आणि ते अडकले आहे नेमके त्या तटस्थ पट्ट्यात, जिथे फेडरेशनच्या, म्हणजे पृथ्वीसह अनेक ग्रहांच्या संघाच्या, यानाने शिरणे म्हणजे प्रतिस्पर्धी क्लिंगॉन साम्राज्याशी झालेल्या तहाचा भंग ठरतो. साविक आत शिरते. थोड्याच वेळात मारूचा संदेश तुटतो, तीन क्लिंगॉन युद्धयाने समोर येतात, दळणवळणाच्या सगळ्या वाटा बंद करतात, आणि पाहता पाहता एंटरप्राइझ जागीच लुळे पडून सुलू, उहुरा, मॅकॉय, स्पॉक हे यानावरचे अधिकारी कोसळतात. मग समोरची भिंत सरकते, प्रकाशझोतातून एंटरप्राइझचा पूर्वीचा कप्तान ॲडमिरल कर्क आत येतो, आणि हा सारा प्रकार प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरमधला होता हे कळते.

साविकची तक्रार साधी आहे: जिथे जिंकण्याचा मार्गच ठेवलेला नाही, तिथे माझ्या नेतृत्वगुणांची पारख कशी होणार? कर्कचे उत्तर असे की अशी वेळ कोणत्याही कप्तानावर येऊ शकते, आणि मरणाला सामोरे जाणे हे जगण्याला सामोरे जाण्याइतकेच महत्त्वाचे आहे. २००९ च्या चित्रपटात याच परीक्षेचा रचनाकार असलेला स्पॉक हेतू अधिक नेमका सांगतो: मृत्यू अटळ दिसत असताना भीती अनुभवावी, ती स्वीकारावी, आणि तरीही स्वतःवरचा व सहकाऱ्यांवरचा ताबा सुटू देऊ नये. ही अधिकृत बाजू झाली. दुसऱ्या बाजूला ते असंख्य चाहते आहेत, जे ही परीक्षा कशी जिंकता येईल याचे डावपेच आजही रचत बसतात, आणि त्यांचा आदर्श अर्थातच कर्क असतो, कारण त्याने तिसऱ्या प्रयत्नात सिम्युलेटरचा प्रोग्रॅमच बदलून मारूची सुटका केली होती.

मला या दोन्ही बाजू एकाच ठिकाणी चुकलेल्या दिसतात. विजय शक्य नाही म्हणून सगळे पराभव सारखेच, असे दोघांनीही गृहीत धरले आहे. स्टार ट्रेकच्या मूळ दूरचित्रवाणी मालिकेतला आकडा धरला तर एंटरप्राइझवर ४३० माणसे असतात. मारूवरची ३८१ मिळवली की ८११ जीव होतात. पैकी किती वाचले, कोण वाचले, कोणत्या निर्णयामुळे वाचले आणि युद्ध पेटले की टळले, हे सारे कप्तानाच्या हातात असू शकते, आणि अशा प्रसंगाचे डावपेच म्हणून काही असतील तर ते याच मधल्या प्रदेशात आहेत. ही परीक्षा घेणारी अकादमी तो प्रदेश मोजायलाच तयार नाही आणि चाहत्यांना ८११ हाच एक आकडा दिसतो, हे या वादाचे मूळ दुखणे आहे.

प्रथम जाण्याचा प्रश्न घेऊ. हाक आली की जायचेच, हा दर्यावर्दी धर्म आहे असे आपण मानतो, आणि स्टार ट्रेकने नाविक परंपरेतून जे बरेच काही उचलले त्यात हेही आहे. पण पृथ्वीवरच्या समुद्राचा कायदा याबाबतीत चित्रपटापेक्षा अधिक शहाणा आहे. ज्या वर्षी हा चित्रपट आला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारावर सह्या झाल्या. त्यातले ९८ वे कलम संकटातल्या माणसांना मदत करण्याचे कर्तव्य सांगते, पण स्वतःचे जहाज, कर्मचारी आणि प्रवासी यांना गंभीर धोका न पोहोचवता ते करता येईल तेवढे, या मर्यादेतच. जहाजावरील जीवितसुरक्षेचा जो आंतरराष्ट्रीय करार ‘सोलास’ या नावाने ओळखला जातो, तो कप्तानाला याहून एक पाऊल पुढे नेतो: मदतीला जाणे शक्य नसेल किंवा विशेष परिस्थितीत अवाजवी वाटत असेल तर न जाण्याची मुभा आहे, मात्र त्याचे कारण जहाजाच्या नोंदवहीत लिहून ठेवावे लागते. म्हणजे ‘गेलो नाही’ हा निर्णय पळपुटेपणा ठरत नाही, पण तो मुकाट्याने घेण्याचीही सोय नाही. जूलिया एक्लार यांच्या १९८९ च्या कादंबरीत तरुण सुलू नेमके हेच करतो. हाक हा सापळा असण्याची शक्यता आणि युद्धाची जोखीम तोलून तो सीमेबाहेर थांबतो. चाहत्यांना हा उपाय बेचव वाटतो. मला तो सर्व उपायांत सर्वांत अवघड वाटतो, कारण हाक देणाऱ्यांचा आवाज विरेपर्यंत तो ऐकत बसावे लागते.

जायचेच ठरवले, तर खरी परीक्षा क्रमाची आहे. साविकचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. ती मारूची माहिती मागवते, कर्मचारी आणि प्रवासी यांचे आकडे ऐकून चरफडते, आणि लगेच मार्ग आखायला सांगते. सुलू तिला तहाची आठवण करून देतो तेव्हा आपल्याला जबाबदारीची जाणीव आहे असे सांगून ती त्याला गप्प करते. संरक्षक ढाली उभ्या राहतात त्या शत्रूची याने दिसल्यानंतर, आणि आम्ही बचावासाठी आलो आहोत हे क्लिंगॉनांना कळवण्याचा आदेश निघतो तोही तेव्हाच, म्हणजे नेमका संदेश जाण्याची सोय उरलेली नसताना. हाच संदेश सीमा ओलांडण्यापूर्वी खुल्या लहरींवर दिला असता, त्यात मारूचे नाव, ठिकाण, प्रवासीसंख्या आणि आपण किती वेळ आत राहणार हे सांगितले असते, आणि त्याची प्रत मुख्यालयाला गेली असती, तर क्लिंगॉन थांबले असतेच असे नाही. पण त्यांनी केलेला हल्ला मग सर्वांदेखत बचावपथकावर केलेला हल्ला ठरला असता. उघडपणा ही दुबळ्याच्या हातातली ढाल असते आणि ती वेळेवर उचलली तरच उपयोगी पडते. सिम्युलेटरने तरीही तिला मारले असते. पण परीक्षकाने उत्तरपत्रिकेवर या फरकाची नोंद करायला हवी होती, आणि कर्कच्या टोमण्यांत ती कुठेच आढळत नाही.

मग बचावाचे गणित. स्टार ट्रेकच्या विश्वात माणसांना एका यानातून दुसऱ्यात आणणारा ट्रान्सपोर्टर ढाली उभ्या असताना चालत नाही, ही सर्वपरिचित मर्यादा आहे. मूळ मालिकेतल्या ट्रान्सपोर्टरच्या चौथऱ्यावर एका वेळी सहा माणसे उभी राहतात. ३८१ जणांना आणायला त्याच्या ६४ फेऱ्या लागतील. फेरीला एक मिनिटही धरले तरी तासाहून अधिक काळ एंटरप्राइझ शत्रूच्या टप्प्यात ढालीविना उभे राहील. एवढे साधे गणित मांडले की ‘मारूला वाचवणे’ ही कल्पनाच बदलते. आता ठरवायचे असते ते हे, की दहा मिनिटांत ज्या साठ जणांना आणता येईल ते कोण. छोटी शटलयाने आधी सोडून मुख्य यान सीमेवर ठेवता येईल का. आणि कोणत्या क्षणी उरलेल्यांना सोडून निघायचे. अशा आकड्यांत बोलणे क्रूर वाटते. परंतु अपघातस्थळी जखमींना वेगवेगळ्या रंगांच्या चिठ्ठ्या लावणारे डॉक्टर रोज हेच करतात, आणि त्यांना आपण क्रूर म्हणत नाही.

त्याच कादंबरीत स्कॉटीची जी कथा आहे, ती परीक्षेच्या रचनेवर सर्वांत तिखट प्रकाश टाकते. स्कॉटी जातिवंत अभियंता. तो एकामागून एक युक्त्या काढून क्लिंगॉन याने उडवत जातो, आणि संगणक दर वेळी आणखी याने पाठवत राहतो. शेवटी तो अशी युक्ती वापरतो जी कागदावरच्या सिद्धान्तात बसते पण प्रत्यक्षात चालत नाही, आणि हे त्याला स्वतःला ठाऊक असते. त्याची रवानगी नेतृत्वाच्या शाखेतून अभियांत्रिकीकडे होते, जी त्याला हवीच होती. कथा गमतीची आहे, पण तिच्यातला संगणक गमतीचा नाही. चांगला खेळाडू आला की शत्रूची संख्या वाढवणारा सिम्युलेटर विद्यार्थ्याला परिस्थितीची ओळख करून देत नाही; तो फक्त एवढेच शिकवतो की तुझ्या प्रयत्नांचा आणि निकालाचा काही संबंध नाही. हा धडा खोटा तर आहेच, शिवाय घातक आहे. ज्या वैमानिकाच्या, डॉक्टरच्या किंवा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्याच्या मनात तो खोल रुजला, तो खऱ्या संकटात पाच मिनिटे लवकर हात टेकेल.

याचा खराखुरा दाखला १९ जुलै १९८९ चा आहे. युनायटेड कंपनीच्या २३२ क्रमांकाच्या विमानाचे शेपटीकडचे इंजिन हवेत फुटले आणि त्याच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. विमान वळवण्याची, चढवण्याची, उतरवण्याची नेहमीची सगळी साधने एका क्षणात संपली. कॅप्टन आल हेन्स यांच्यासाठी पाठ्यपुस्तकात उपाय नव्हता, कारण असे घडेल असे कुणी धरलेच नव्हते. विमानात प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक डेनी फिच कॉकपिटमध्ये आले आणि उरलेल्या दोन इंजिनांची शक्ती कमीजास्त करत त्यांनी विमान कसेबसे हाताळले. १९८५ मध्ये जपान एअरलाइन्सच्या १२३ क्रमांकाच्या विमानाला असाच अपघात होऊन ५२० माणसे गेली होती. तेव्हापासून फिच यांनी हा प्रकार अभ्यासला होता आणि सिम्युलेटरवर करूनही पाहिला होता. आयोवातल्या सू सिटीच्या धावपट्टीवर विमान आदळले, मोडले, पेटले. २९६ पैकी ११२ जण दगावले आणि १८४ वाचले. नंतरच्या चौकशीत हीच स्थिती सिम्युलेटरमध्ये उभी करून पाहिली गेली, तेव्हा सुखरूप उतरणे शिकवता येण्याजोगे नाही असाच निष्कर्ष निघाला. म्हणजे ही अस्सल कोबायाशी मारू होती. तिच्यात विजय नव्हताच, पण १८४ होते, आणि त्यांच्या वाचण्यामागे कॉकपिटमधल्या चौघांचे एकमेकांना विचारत, ऐकत काम करणे होते, तळावर हजर असलेले एअर नॅशनल गार्डचे, म्हणजे राखीव हवाई दलाचे, जवान होते, पाळी बदलण्याची वेळ असल्याने रुग्णालयांत दुप्पट उपलब्ध असलेले डॉक्टर-परिचारिका होते, आणि जपानी विमानाच्या दुर्दैवाचा कुणीतरी आधी केलेला अभ्यासही होता. साविक यान सोडण्याचा आदेश देताना नोंदींचा बोया अवकाशात सोडायला सांगते, तो प्रेक्षकाच्या लक्षातही राहत नाही. मला तो तिच्या सबंध कारकिर्दीतला सर्वांत दूरदृष्टीचा आदेश वाटतो.

खुर्चीत बसून डावपेच सुचवणाऱ्यांनी (त्यात मीही आलोच) आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. जानेवारी २००९ मध्ये पक्ष्यांच्या धडकेने दोन्ही इंजिने बंद पडून हडसन नदीत उतरवलेल्या विमानातले सर्व १५५ जण वाचले. चौकशीदरम्यान सिम्युलेटरवर काही वैमानिकांनी धडक होताच वळून ते विमान धावपट्टीवर परत नेऊन दाखवले. मग काय घडले हे समजायला आणि ठरवायला लागणारा वेळ म्हणून ३५ सेकंदांची भर घालून पाहिली, आणि तेव्हा विमान धावपट्टीपर्यंत पोहोचले नाही. कोबायाशी मारूवरच्या बहुतेक चतुर उपायांत या ३५ सेकंदांचा हिशेब नसतो. तीन युद्धयाने येणार, कुठून येणार आणि संदेश बंद पाडणार, हे आपल्याला आधीच माहीत असते. साविकला ते माहीत नव्हते.

आता कर्क. त्याने परीक्षेच्या अटी बदलल्या आणि अकादमीने मौलिक विचारांबद्दल त्याचा गौरव केला. चाहत्यांना हा गौरव योग्यच वाटतो, आणि त्यांच्या बाजूने बोलण्यासारखेही आहे. २०११ मध्ये संगणक-सुरक्षेच्या अध्यापनावर एक लेख आला होता. त्यातल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ‘पाय’ या संख्येचे पहिले शंभर अंक पाठ लिहायला सांगून, फसवणूक करा पण पकडले जाऊ नका, अशी सूट दिली होती. हल्लेखोर कसा विचार करतो हे शिकवायचे असेल तर ही परीक्षा उत्तम आहे, कारण तिथे नियमांतली फट शोधणे हेच कौशल्य आहे. पण यानाच्या कप्तानाला ज्या शत्रूशी सामना करायचा असतो, त्याचा प्रोग्रॅम आदल्या रात्री बदलता येत नाही.

आणि हे मी म्हणण्याआधी तो चित्रपटच म्हणतो, फक्त मोठ्याने म्हणत नाही. पुढे रिलायंट हे आपलेच यान काही न बोलता जवळ येत असते. साविक, म्हणजे परीक्षेत ‘नापास’ झालेली साविक, सामान्य आदेश क्रमांक १२ उद्धृत करू लागते: संपर्क न झालेले कोणतेही यान जवळ येत असेल तर... तिचे वाक्य पुरे होऊ दिले जात नाही. ॲडमिरलना नियम माहीत आहेत, असे स्पॉक तिला ऐकवतो. कर्क ढाली उभ्या करत नाही. रिलायंट कर्कचा सूड घ्यायला निघालेल्या खानच्या ताब्यात असते, पहिलाच घाव वर्मी बसतो, आणि इंजिन विभागातली प्रशिक्षणार्थी मुले मरतात. नंतर कर्क तिला नियम सांगत राहा असे म्हणतो खरे. ज्या माणसाला न हरण्याबद्दल बक्षीस मिळाले, त्याच्यापाशी हरण्याची शक्यता वेळेवर ओळखण्याची सवय उरली नव्हती, असा या प्रसंगाचा सरळ अर्थ आहे. शेवटाकडे तो स्वतःच मुलापाशी कबूल करतो की आपण मृत्यूला हुलकावण्या देत आलो आणि त्या चातुर्याबद्दल स्वतःचीच पाठ थोपटत राहिलो. याच चित्रपटात त्याची खरी हुशारीही दिसते: रिलायंटच्या पाच अंकी संकेतांकाचा वापर करून तो त्याच्या ढाली दुरून पाडतो. ती युक्ती आहे, पण परिस्थितीच्या आत राहून, यंत्रणेच्या ज्ञानावर केलेली. पदक द्यायचे तर या युक्तीला द्यावे.

अशा परीक्षा आपल्यालाही अगदीच अनोळखी नाहीत. लष्करी अधिकाऱ्यांची निवड करणाऱ्या आपल्या सेवा निवड मंडळाच्या चाचण्यांत ३० मिनिटांत ६० प्रसंगांवर प्रतिक्रिया लिहायची असते, आणि त्यांची ‘आदर्श उत्तरे’ घोटवून घेणारे वर्गही उदंड आहेत. उत्तर पाठ झाले की परीक्षा स्वभावाची राहत नाही, स्मरणशक्तीची होते. कोबायाशी मारूलाही हीच अडचण आहे: ती हरण्यासाठीच आहे हे कॅडेटला कळले की त्याची भीती संपते आणि उरतो तो अभिनय. गुप्तता हा यावर टिकाऊ उपाय नाही.

मला योग्य वाटणारी रचना वेगळी आहे, आणि तिची चाहूल स्टार ट्रेकमध्येच नंतर लागते. ‘नेक्स्ट जनरेशन’ मालिकेच्या १९९४ मधल्या एका भागात यानावरची समुपदेशक डियाना ट्रॉय अधिकारपदाची परीक्षा देते आणि पुन्हा पुन्हा नापास होते, कारण यान वाचवण्यासाठी सहकाऱ्याला मरणाच्या खोलीत पाठवण्याचा आदेश तिच्या तोंडून निघत नाही. तिथे निर्णयाने निकाल बदलतो, आणि त्याची किंमत नाव घेऊन मोजावी लागते. कोबायाशी मारू याच तत्त्वावर पुन्हा बांधावी. क्लिंगॉन तीनच असावेत आणि कॅडेट हुशार निघाला म्हणून वाढू नयेत. मारू कधी खरी असावी, कधी सापळा. पूर्ण सुटका अशक्यच राहावी, पण वाचलेल्यांची संख्या प्रत्येक आदेशागणिक कमीजास्त व्हावी. आणि गुण त्या संख्येला न देता, त्या क्षणी हाती असलेल्या माहितीवर निर्णय कसा घेतला याला द्यावेत.

यावर आक्षेप येईल की अशाने परीक्षेचा गाभाच जाईल: थोडे तरी वाचवता येते हे कळल्यावर मृत्यूची अटळता कशी भिडणार? मला उलट वाटते. आजची कोबायाशी मारू ही फार दयाळू परीक्षा आहे. तिच्यातून बाहेर पडलेला कॅडेट म्हणू शकतो की निकाल आधीच ठरला होता, मी काहीही केले असते तरी सगळे मेलेच असते. आणि ते खरेही असते, त्यामुळे त्या रात्री त्याला झोप लागते. नव्या परीक्षेत त्याच्या हातून, समजा, सहासष्ट जण वाचतील आणि बाकीचे जातील. दुसऱ्या दिवशी परीक्षक त्याच्यासमोर नोंदी ठेवून विचारेल की अकराव्या फेरीनंतर तू ढाली उभारल्यास, बाराव्या फेरीसाठी चौथऱ्यावर उभे असलेले सहाजण कोण होते, आणि तू तेव्हाच का थांबलास.